कारणाचा रकाना

जगातल्या प्रत्येक गोष्टीला वर एक आणि खाली एक अशा दोन रेघा असतात, आणि त्या रेघांच्या आत जे काही हलतं त्याच्याकडे शहाण्या माणसाने ढुंकूनसुद्धा पाहू नये, असं मनापासून मानणारे एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिले. ते म्हणजे आमचे क्वालिटीवाले. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याकडच्या एका कारखान्यात आम्ही हापूसचा रस डब्यांत भरून परदेशी पाठवत असू. तिथे मी डिस्पॅचला होते आणि ते क्वालिटीला. आमची टेबलं एका लाकडी पार्टिशनच्या दोन बाजूंना होती, त्यामुळे अठरा वर्षं मी त्यांना पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त. त्यांचं नाव कारखान्यात कुणी घेत नसे. तेही कुणाला नावाने हाक मारत नसत. मालकांना 'मालक', मला 'डिस्पॅच' आणि शिपायाला 'चहा'. "डिस्पॅच, तुमच्या पंख्याने माझा काटा हलतो, बंद करतो," असं म्हणून ते भर मे महिन्यात उठायचे, माझा पंखा बंद करायचे, वजनकाट्यावर पाच डबे मोजायचे, पंखा पुन्हा लावायचे आणि वर "आभारी आहे" म्हणायचे. पहिल्या वर्षी मी दोन-चार वेळा तोंड सोडून पाहिलं. पण जो माणूस दर वेळी आभार मानतो त्याच्याशी भांडायचं तरी कसं, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. भरणीच्या टेबलावर बायका मगाने डब्यात रस ओतायच्या आणि मग छोट्या पळीने थोडा वर घालून डबा पुरा करायच्या. साडेआठशे ग्रॅम भरायला हवेत, पण हात तो हात, थोडा इकडेतिकडे व्हायचाच. दर तासाला प्रत्येक बाईचे पाच डबे बाजूला काढायचे, मोजायचे, पाच आकडे एक्सेलच्या शीटमध्ये टाकायचे. शीट त्यांची सरासरी काढून एक ठिपका द्यायची. दुसरा ठिपका पाच डब्यांतल्या आपापसातल्या फरकाचा. वर लाल रेघ, खाली लाल रेघ, मधोमध हिरवी. ठिपका रेघांबाहेर गेला की चौकट आपोआप लाल व्हायची. ही शीट त्यांनी स्वतः, सूत्र सूत्र जुळवून, सहा महिने खपून बनवली होती. तिची फाइल ज्या पेनड्राइव्हवर होती तो पेनड्राइव्ह, आमच्याकडचे जुने लोक जशी तिजोरीची किल्ली बांधत तसा, ते जानव्याला बांधून ठेवत. जेवताना शर्टाचं वरचं बटण उघडलं की तो डोकावायचा. फाइलीचं नाव 'वजन अंतिम' असं होतं. पुढे 'वजन अंतिम २' आली, मग 'वजन अंतिम खरी', आणि ते तिथे असेपर्यंत 'वजन अंतिम खरी ७' पर्यंत मजल गेली होती.

त्या रेघांबद्दल कुणी काही विचारलं तर मात्र त्यांची कळी खुलायची. "रेघा मी मारत नाही," ते म्हणायचे, "रेघा हात मारतात. हा हात आजवर जसा चालला त्यावरून शीट सांगते की तो एवढ्यापासून एवढ्यापर्यंत हलणार. आतल्या आत हलला तर तो सहज हलला. सहज हललेल्याला कारण विचारायचं नसतं. बाहेर गेला तर कारण असणार. तिथे जाऊन विचारायचं." हे ऐकायला साधं वाटतं, पण ते यायच्या आधी आमचा सुपरवायझर एकेका डब्याला ओरडायचा. डबा चार ग्रॅम कमी भरला की ओरडायचा, मग बाया घाबरून जास्त भरायच्या, की जास्त भरलं म्हणून पुन्हा ओरडायचा. क्वालिटीवाल्यांनी येऊन पहिल्याच हंगामात ते बंद पाडलं. भिंतीवर आलेख चिकटवला आणि म्हणाले, "आतल्या ठिपक्यासाठी इथे कुणी कुणाला बोलायचं नाही." त्या दिवसापासून भरणीच्या बायका त्यांना मानायला लागल्या, आणि गंमत अशी की ओरडा बंद झाल्यावर ठिपकेही बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागू लागले.

शीटच्या अगदी उजव्या टोकाला दोन रकाने होते. एक 'कारण' आणि दुसरा 'सुधारणा'. ठिपका बाहेर गेला की हे दोन्ही भरल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. वही काखेत मारून ते भरणीवर उतरायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "दहा वाजता काय झालं?" आवाजात राग नाही, संशय नाही. डॉक्टर कुठे दुखतं विचारतात तसं. एकदा एका बाईचे ओळीने सात ठिपके हिरव्या रेघेच्या वर आले. रेघांच्या आतच होते, पण ओळीने सात एका बाजूला म्हणजे सहज नव्हे, असा त्यांचा नियम. तीन दिवस त्यांनी काटा तपासला, रसाचे मग तपासले, रस तपासला. शेवटी निघालं असं की कारखान्यातल्या सत्यनारायणाला शिरा ढवळायला भरणीवरची एक पळी गेली होती आणि परत येताना तिची वाटी खोल होऊन आली होती. त्यांनी रकान्यात लिहिलं, 'कारण: पळी पूजेला गेली होती. सुधारणा: पूजेला वेगळी पळी ठेवणे.' आमचे मालक भाविक, त्यांना हे वाचून जरा लागलं. पण वेगळी पळी आली.

आणि एकदा सुमनबाईंचा ठिपका वर गेला. सुमनबाई पूर्णगडच्या. यजमान होडीवर, आणि त्या कारखान्याच्या टेम्पोने रोज येऊन भरणीवर उभ्या. त्यांचा हात म्हणजे काट्याचा तोल, वर्षानुवर्षं हिरव्या रेघेला धरून चालणारा. त्यामुळे क्वालिटीवाले धावतच खाली आले. मी चलन घेऊन तिथेच उभी होते.

"सुमनबाई, दहा वाजता काय झालं?"

"काय नाय वो सायब. काल पोरीचा लगीन ठरला."

"मग?"

"मग काय, हात जरा सढळ झाला आसल."

त्यांनी गंभीरपणे लिहून घेतलं. मुलगा कुठला, काय करतो, लग्न कुठे, हेही विचारलं, कारण त्यांच्या मते कारण अर्धवट लिहू नये. दहा मिनिटं ते तिथे उभे होते. मग वर येऊन त्यांनी रकाना भरला. 'कारण: सुमनबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. सुधारणा: आनंद ओसरू द्यावा.' नवीन बाई कामाला लागली की तिचे ठिपके चहूकडे उधळायचे. तिच्यासमोर ठरलेला मजकूर असे, 'कारण: हात नवीन. सुधारणा: सरावाने बसेल, ओरडू नये.' कुणाच्या सासूचं आजारपण, कुणाच्या घराचं पत्र्याचं छप्पर उडालेलं, कुणाच्या मुलाचा दहावीचा निकाल, हे सगळं त्या शीटमध्ये पाच-पाच डब्यांच्या पुढे ओळीने लिहिलेलं होतं. प्रत्येक बाईची एक पळी किती ग्रॅमची, हेसुद्धा त्यांनी एका वेगळ्या पानावर टिपून ठेवलं होतं. पानाचं नाव 'हात'.

हे सगळं मला तेव्हा नुसतंच विनोदी वाटायचं. त्यातली मेख कळायला पुष्कळ वर्षं गेली. ती अशी की या माणसाला कारणाशिवाय दुसऱ्याशी बोलताच येत नव्हतं. 'काय म्हणता, बरं आहे ना' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. चहाच्या सुट्टीत आम्ही सगळे फणसाखाली जमायचो, तेव्हा ते आपला कप घेऊन काट्यापाशीच उभे राहायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, या की इकडे बसायला." तर म्हणाले, "का? काही झालं का?" मी म्हटलं, "झालं काही नाही, बसायचं." त्यांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "मग नंतर येतो." ते आलेच नाहीत. ठिपका बाहेर गेला की मात्र त्यांच्या पायांना जणू परवानगी मिळायची. मग ते कुणाच्याही टेबलापाशी जाऊन उभे राहू शकत, कुणाच्याही घरचं विचारू शकत आणि उत्तर अगदी मन लावून ऐकत.

लग्न त्यांचं झालं नव्हतं, आणि का झालं नव्हतं याची हकिगत त्यांनी मला एकदा, पंखा बंद असताना, सांगितली होती. ते मूळचे आंजर्ल्याचे. तिकडेच कुठेतरी मुलगी बघायला गेले होते. मुलगी बरी होती, पोहेही बरे होते. मुलीच्या वडिलांनी अघळपघळपणे विचारलं, "मग, काय वाटतं?" आमचे गृहस्थ म्हणाले, "एका नमुन्यावरून काहीच सांगता येणार नाही. निदान पंचवीस तरी व्हायला हवेत, मग रेघा काढता येतात." त्यांना म्हणायचं होतं की अजून काही वेळा भेटू दे, बोलू दे. पण मुलीच्या वडिलांनी पंचवीस मुली असा अर्थ घेतला आणि बशी उचलली. "समजावून सांगायचं होतंत ना," मी म्हटलं. "त्यांनी विचारलं नाही," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी पालीला एक खोली भाड्याने घेतली, सकाळच्या गाडीने रत्नागिरीला यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं, हे सुरू झालं आणि ते कधी बदललं नाही.

खोटा आकडा मात्र त्यांना विषासारखा होता. एकदा एका सुपरवायझरने कंटाळून न मोजताच दिवसभराची वजनं वहीत लिहून दिली. क्वालिटीवाल्यांनी ती शीटमध्ये टाकली, ठिपक्यांकडे पाहिलं आणि पाच मिनिटांत खाली जाऊन म्हणाले, "हे हातांचं काम नाही. हे डोक्याचं काम आहे. हात इतके समजूतदार नसतात." त्या सुपरवायझरची नोकरी गेली. आणखी एकदा बाहेरून तपासनीस यायचे होते, तर मालकांनी लाल रेघा थोड्या लांब सरकवून ठेवायला सांगितलं, म्हणजे सगळं आत दिसेल. ते म्हणाले, "रेघ सरकवायची तर आधी हात सरकवा. मला सरकवता येणार नाही." मालक त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे. पण रेघा होत्या तिथेच राहिल्या, आणि तपासनिसांनी नेमकं त्या बाहेर गेलेल्या ठिपक्यांचंच कौतुक केलं.

असं सगळं चाललेलं असताना भरणीचं मशीन आलं. टेबलं गेली, रसाचे मग गेले, पळ्या गेल्या. डबे एका बाजूने रिकामे शिरायचे, दुसऱ्या बाजूने भरून यायचे. बायकांना आंबे निवडायला आणि कापायला बसवलं. दर तासाला झाकण लागायच्या आधी पाच डबे काढून, आता खाली आणलेल्या काट्यावर मोजायला आणि वहीत आकडे लिहायला एकट्या सुमनबाई राहिल्या. त्यांची पळी काट्याजवळच्या खिळ्याला लटकत राहिली, कुणी काढली नाही म्हणून.

पहिल्या आठवड्यात क्वालिटीवाले इतके खूश होते की त्यांनी मला आलेख दाखवायला पार्टिशनच्या या बाजूला बोलावलं. लाल रेघा एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या होत्या की मधली हिरवी जेमतेम मावत होती, आणि ठिपके तिच्यावरून मुंग्यांसारखे मुकाट चालले होते. "सोळा वर्षं हेच करायचं होतं," ते म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात ते गप्प झाले. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की पलीकडे कीबोर्ड वाजणं जवळजवळ थांबलंय. पाच आकडे टाकायचे, संपलं. कारणाचा रकाना रिकामा, सुधारणेचा रिकामा. ते वही काखेत घेऊन जिन्यापर्यंत जायचे, तिथे थोडे थांबायचे आणि परत येऊन बसायचे. खाली जाऊन विचारणार काय? काही झालंच नव्हतं.

मग त्यांनी पालीच्या गाडीची शीट सुरू केली. गाडी रोज किती मिनिटं उशिरा येते त्याचे ठिपके. ठिपका बाहेर गेला की कंडक्टरला विचारायचे, "आज काय झालं?" कंडक्टर बिचारा पहिले काही दिवस म्हशी, टायर, पाहुणे अशी कारणं देत होता. पुढे तो वैतागून म्हणाला, "काका, तिकीट घेतलात ना? मग बसा गप." हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना हसायचा प्रयत्न केला. तो काही जमला नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. या माणसाने आयुष्यभर घाम गाळून जे साध्य केलं, त्यानेच त्याला एकटं पाडलं होतं, आणि निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. दोन वर्षं हा माणूस त्या पार्टिशनमागे कुणाशी एक शब्द न बोलता बसणार, हे मला बघवेना.

मी सुमनबाईंना गाठलं. म्हटलं, "सुमनबाई, आठवड्यातनं एखादा आकडा चुकीचा लिहा की. तेवढेच ते खाली येतील."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "खोटा आकडा? नाय गो बाय. सायबाच्या वहीत खोटा लिवायचा नाय माज्यानं."

"मी सांगत्ये ना."

"तुमी सांगा नायतर मालक सांगूदे." मग हातातल्या फडक्याशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "रस टाकला तर? डब्यात खराच जास्त टाकला, तर आकडा खराच व्हनार ना?"

त्याच गुरुवारी अकरा वाजता सुमनबाईंनी पाच डबे काढले, खिळ्यावरची पळी घेतली, प्रत्येक डब्यात एकेक पळी रस वाढला, पाचही डबे मोजले आणि खरे आकडे वहीत लिहिले. वही वर गेली. मी पार्टिशनच्या अलीकडे कान लावून बसले होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग जिन्यावर पावलं. मी एक चलन उचललं आणि मागोमाग गेले.

ते काट्यापाशी उभे होते. त्यांनी वही पाहिली. मग खिळ्याकडे पाहिलं. पळी ओली होती. त्यांनी ती काढून हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि पुन्हा अडकवली. सुमनबाईंचा चेहरा उतरला. माझ्या मनात तो नोकरी गेलेला सुपरवायझर आला. सुमनबाईंच्या घरात महिन्याचा ठरलेला पगार असा हा एवढाच येत होता, आणि ही अक्कल माझी होती.

"सुमनबाई," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अकरा वाजता काय झालं?"

आम्ही दोघींनी सगळं ठरवलं होतं, फक्त उत्तर ठरवलं नव्हतं. सुमनबाई गडबडीने म्हणाल्या, "काय नाय वो सायब. काल घरच्यांना सुरमई बरी गावली."

"किती?"

"धा-बारा आसतील. मोठी."

"कुठे गावली?"

आणि सुमनबाई सांगायला लागल्या. ते एका पालथ्या क्रेटवर बसले. चहा आला, तो त्यांनी तिथेच घेतला. मासा न खाणाऱ्या त्या माणसाने जाळं कसं लावतात इथपासून सगळं विचारून घेतलं. वर येताना जिन्यात ते मला म्हणाले, "डिस्पॅच, मशीन बिघडलं तर पाच डबे पाच तऱ्हांनी बिघडतात."

"असेल," मी म्हटलं.

"हे पाचही चौदा-चौदा ग्रॅमने जास्त आहेत. फरकाचा ठिपका जागचा हललासुद्धा नाही."

मी हातातल्या चलनाची घडी घातली.

"चौदा ग्रॅम ही सुमनबाईंची पळी," एवढं म्हणून ते आत गेले. मग पलीकडे कीबोर्ड कितीतरी वेळ वाजत राहिला. मी दिवसभर मालकांच्या बोलावण्याची वाट पाहिली. बोलावणं आलं नाही. पुढच्या गुरुवारी सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि अकरा वाजता पुन्हा ठिपका बाहेर गेला. पुन्हा जिन्यावर पावलं, पुन्हा "काय झालं?", पुन्हा क्रेट आणि चहा. हळूहळू आंबे कापणाऱ्या बायकाही गुरुवारी अकराला हात धुऊन तिथे यायला लागल्या. हंगाम संपून कोकम आलं, कोकम संपून पुन्हा आंबा आला, पण गुरुवार चुकला नाही. आम्ही त्यांना कधी काही सांगितलं नाही, त्यांनी कधी काही विचारलं नाही.

त्यांचा शेवटचा दिवस शनिवार होता. निरोपाला मालक स्वतः येणार म्हणून सुमनबाईंनी पळीला हात लावायचा नाही असं आदल्या दिवशीच ठरलेलं. अकराला पाच मिनिटं असताना, सुमनबाईंनी पाच डबे नुकतेच काढून ठेवले होते तेव्हा, ते स्वतः खाली आले आणि म्हणाले, "सुमनबाई, माझं चष्म्याचं घर वर राहिलं, जरा आणता?" अठरा वर्षांत त्यांनी कुणाला असं काम सांगितलं नव्हतं. सुमनबाई वर जाऊन, शोधून, हात हलवत परत आल्या, कारण चष्म्याचं घर क्वालिटीवाल्यांच्या खिशातच होतं. मग सुमनबाईंनी रोजच्यासारखे ते पाच डबे मोजले. सव्वा अकराला वही काखेत मारून ते खाली हजर. "सुमनबाई, अकरा वाजता काय झालं?"

सुमनबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. सुमनबाई म्हणाल्या, "काय नाय वो सायब. तुमी चाललात." ते "हो," म्हणाले आणि क्रेटवर बसले. त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला. जायच्या वेळी शर्टाचं बटण उघडून जानव्याचा पेनड्राइव्ह सोडला आणि माझ्या हातात ठेवला, कारण पुढे ती शीट मलाच भरायची होती. तो अजून अंगाच्या उबेने गरम होता. ते गेल्यावर सुमनबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "बाय, आज मी नाय हो टाकला."

सोमवारी मी फाइल उघडली. 'वजन अंतिम खरी ७'. दोन वर्षांचे ते सगळे लाल गुरुवार ओळीने होते, आणि प्रत्येकासमोर दोन्ही रकाने भरलेले. 'कारण: सुमनबाईंच्या यजमानांना सुरमई. सुधारणा: नको.' 'कारण: आंबे कापणाऱ्या शेवंताच्या मुलाची नोकरी हुकली. सुधारणा: नको.' 'कारण: डिस्पॅचची लेक सासरी गेली. घर फार मोठं झालं म्हणाल्या. सुधारणा: नको.' हे मी कधी बोलले होते ते मला आठवतसुद्धा नव्हतं. घरातसुद्धा ते कुणाला आठवत नसेल. या माणसाने ते ऐकलं होतं आणि लिहून ठेवलं होतं.

मग मी शेवटच्या शनिवारावर आले. पाच डबे. एक नऊ ग्रॅमने जास्त, दुसरा एकवीसने, तिसरा सहाने, चौथा सतराने, पाचवा बाराने. सरासरीचा ठिपका वर गेलेला आणि फरकाचाही. अशी पळी आमच्या भरणीवर कुणाचीच नव्हती. 'हात' नावाच्या पानावर मी शोधून पाहिलं, नव्हतीच. रकान्यात लिहिलं होतं, 'कारण: हात नवीन.' आणि त्याच्यापुढे, जिथे ते नेहमी सरावाने बसेल म्हणून लिहीत, तिथे, 'सुधारणा: सराव राहून गेला.'

आता ते आंजर्ल्याला भाच्याच्या घराच्या माडीवर एका खोलीत असतात. मशीन नीट चालू आहे, ठिपके आत आहेत. सुमनबाईंनी काम सोडलं. पळी मी घरी आणली आहे. गेल्या गुरुवारी अकरा वाजता मी त्यांना पहिल्यांदा फोन लावला. त्यांनी उचलला आणि लगेच विचारलं, "डिस्पॅच, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "सहज केला."

मला वाटलं, फोन कट झाला. मग ते म्हणाले, "सहज असेल तर कारण विचारायचं नसतं." आणि चाचपडत, कुणीतरी पहिल्यांदाच पळी हातात धरावी तसं त्यांनी विचारलं, "मग काय म्हणता? बरं आहे ना?"

मी बरं आहे म्हटलं. त्यानंतर आम्हा दोघांनाही काही सुचेना. पण फोन त्यांनीही ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही.